मूत्रपिंड निकामी झालेल्या किशोरवयीन मुलाच्या कुटुंबाला आधार देताना

‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य मनापासून म्हटलेले असले, तरी थकलेल्या आईवडिलांवर त्यामुळे मदत मागण्याचे आणखी एक ओझे पडते; म्हणून नेमके काय करणार ते आपणच सुचवावे. हीमोडायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्याचा उपचार, साधारणपणे आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास चालते, आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला तर त्या दिवशी घरातले दुसरे फारसे काही होत नाही. ‘दर गुरुवारी रुग्णालयात मी सोबत येईन’ किंवा ‘धाकटीला शाळेतून मी आणेन’ असे सांगावे आणि ते महिनोन्महिने पाळावे. धाकट्या भावंडांकडे या काळात सहज दुर्लक्ष होते, म्हणून हे दुसरे काम मला विशेष मोलाचे वाटते.

खाऊ नेण्यापूर्वी अवश्य विचारावे. मीठ, पाणी, पोटॅशियम आणि फॉस्फरस यांवर बहुधा मर्यादा असते. एरवी पौष्टिक मानले जाणारे केळेही अपायकारक ठरू शकते, कारण रक्तातील पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाची लय बिघडते. आपल्याला सर्दी-ताप असल्यास भेट पुढे ढकलावी. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागत असल्याने तेव्हा तर हे कटाक्षाने पाळावे.

मुलाशी बोलताना आजार हा एकच विषय नसावा. उंची खुंटणे, स्टेरॉइडमुळे चेहरा सुजणे, मित्रांपासून तुटणे हे त्या वयात मनाला फार लागते, आणि कित्येकदा त्यातूनच गोळ्या चुकवल्या जातात. अशा वेळी रागावण्याऐवजी कारण विचारावे. मूत्रपिंड कोण देणार, हा विषय मात्र कुटुंबाने स्वतःहून काढल्याशिवाय आपण कधीही काढू नये.