गगनचुंबी शहर आणि जुने शहर: तुलना करायची कशी

अशी तुलना करायला बसले की बहुतेक जण दोन छायाचित्रे शेजारी ठेवतात: एकात काचेचे मनोरे, दुसऱ्यात कौलारू छपरे. ही दुरून दिसणाऱ्या देखाव्यांची तुलना झाली. शहरे ताडून पाहायची असतील तर जमिनीवर उतरावे आणि दोन्हीकडे तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत.

आधी ‘जुने’ कशाला म्हणायचे ते ठरवावे, कारण रस्त्यांचे वय आणि इमारतींचे वय अनेकदा जुळत नाही. वॉर्साचा जुना भाग दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झाला आणि नंतर पूर्वीसारखाच पुन्हा उभारला गेला. त्यामुळे तिथली बहुतेक ‘जुनी’ घरे न्यूयॉर्कच्या १९३१ सालच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगपेक्षा वयाने लहान आहेत. उलट मॅनहॅटनचे काटकोनी रस्ते १८११ च्या आराखड्यातले, म्हणजे पहिली गगनचुंबी मानली जाणारी शिकागोची दहा मजली इमारत १८८५ मध्ये पुरी होण्याच्या सात दशके आधीचे. उंचीवरूनही काळ ओळखता येत नाही. येमेनमधील शिबामची कच्च्या विटांची बहुमजली घरे सोळाव्या शतकापासूनची परंपरा सांगतात, तर इटलीतील बोलोन्यातला सुमारे ९७ मीटरचा असिनेल्ली मनोरा बाराव्या शतकातला आहे. म्हणून वहीत वयाचे दोन रकाने करावेत, एक रस्त्यांचा आणि एक इमारतींचा.

मग तुलनेचा तुकडा ठरवावा. शहराची हद्द प्रशासन आखते आणि ती कुठे आवळलेली, कुठे ऐसपैस असते. म्हणून एकाच प्रमाणाच्या नकाशांवर एक किलोमीटर बाजूचा चौरस काढून त्यातले चौक आणि तिठे मोजावेत. लोकसंख्येची घनताही पाहावी, पण डोळ्यांवर विसंबू नये. पॅरिसमध्ये बव्हंशी सहा-सात मजली इमारती असूनही दर चौरस किलोमीटरला सुमारे २० हजार लोक राहतात. मॅनहॅटनमध्ये हा आकडा सुमारे २८ हजार आहे. दोन्हीकडच्या इमारतींच्या उंचीत जेवढे अंतर दिसते, तेवढे या आकड्यांत नाही. याचे कारण असे की पुष्कळ मनोऱ्यांत कार्यालये असतात आणि ती रात्री रिकामी होतात, तर जुन्या वस्तीत इमारती एकमेकींना खेटून जवळजवळ सगळा भूखंड व्यापतात. शक्य असेल तर दिवसाची आणि रात्रीची माणसे वेगळी नोंदवावीत.

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ चालण्याला द्यावा. साधारण १३० पावले, म्हणजे अंदाजे शंभर मीटर चालावे आणि एका बाजूला किती दारे लागली ते मोजावे. मनोऱ्याच्या तळाशी कधी एकच भव्य प्रवेशद्वार, वाहनतळाचा उतार आणि उरलेली नुसती काच भेटते. जुन्या बाजारपेठेत तेवढ्याच अंतरात दार, पायरी, खिडकी, पुन्हा दार असे चालूच राहते. मात्र मोरोक्कोतील फेसच्या निवासी गल्ल्यांत दारे कमीच दिसतील, कारण तिथली घरे आतल्या चौकाकडे तोंड करून असतात. तेव्हा आकड्याशेजारी कारणही लिहावे. या गल्ल्यांत मोटार शिरत नाही, माल खेचरांवरून येतो आणि हाकणारा ‘बालक, बालक’ ओरडला की माणसे भिंतीला चिकटतात. मराठी कानाला भलतेच वाटले तरी त्याचा अर्थ ‘बाजूला व्हा’ असा आहे.

ऊन आणि वारा यांची नोंद दोन्हीकडे एकाच वेळी, शक्यतो भर दुपारी आणि संध्याकाळी करावी. अरुंद गल्लीत भिंतीच एकमेकींवर सावली धरतात. उंच मनोऱ्यावर आदळलेला वारा मात्र खाली वळून पादचाऱ्यांना झोडपतो. काचेचा तापही कमी नसतो: २०१३ मध्ये लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटवरील एका मनोऱ्याच्या काचेच्या अंतर्वक्र, म्हणजे आत वळलेल्या, दर्शनी भागावरून परावर्तित झालेल्या उन्हाने खाली उभ्या मोटारीचे काही भाग वितळले होते.

इमारत नेमकी तेवढीच उंच का, हेही शोधावे. प्रवासी लिफ्ट न्यूयॉर्कमध्ये १८५७ साली बसली; त्याआधी जिना चढण्याची ताकद हीच मर्यादा होती. पुढे कायदा आला. पॅरिसमध्ये सुमारे २१० मीटरचा मोंपार्नास मनोरा १९७३ मध्ये पुरा झाला आणि लोकांना तो इतका खटकला की १९७७ मध्ये शहरात ३७ मीटरपेक्षा उंच बांधकामाला बंदी आली. मनोऱ्यांना हद्दीबाहेरच्या ला देफाँस या कार्यालयांच्या भागाची वाट धरावी लागली.

पहिल्याच प्रयत्नात दोन देश निवडू नयेत. हवा, कायदे आणि उत्पन्न सगळेच बदलले की फरक कशामुळे पडला ते कळत नाही. एकाच शहरातली जोडी घ्यावी. शांघायमध्ये ह्वांगपू नदीच्या एका काठावर बहुतेक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या दगडी इमारतींचा ‘बंड’ नावाचा नदीकाठचा रस्ता आहे, तर समोर १९९० नंतर वाढलेला पूतोंग हा भाग आणि त्यातला ६३२ मीटरचा शांघाय टॉवर. आधी बंडवर १३० पावले चालून दारे मोजावीत, मग फेरीबोटीने नदी ओलांडून, तीच वही उघडून, तेवढीच पावले पुन्हा टाकावीत.