रंगपेन्सिलीने स्थिरचित्र काढायचंय? आधी उजेड ठरवा

वस्तू मांडण्याआधी खोलीतले दिवे बंद करा आणि पडदे ओढून घ्या. दोन दिवे म्हणजे दोन पडछाया, आणि मग सफरचंदाची गोलाई डोळ्यांनाच पटत नाही, तर कागदावर कुठून उतरणार? एकच टेबललॅम्प घ्या. तो एका बाजूला, वस्तूंच्या किंचित पुढे, साधारण 45 अंश उंचीवर ठेवा. अगदी समोर ठेवलात तर सगळं चपटं दिसेल. कागदासाठी वेगळा दिवा लागेलच, पण त्याला पुठ्ठ्याचा आडोसा करा. त्याचा उजेड वस्तूंवर जाता कामा नये. खिडकीच्याच उजेडात काढणार असाल तर पडछायांच्या कडा आधी हलक्या हाताने आखून घ्या, कारण तासाभरात त्या सरकलेल्या असतात.

वस्तू दोन-तीनच पुरेत. लाल सफरचंद पांढऱ्या कापडावर ठेवा आणि पेन्सिल न उचलता पाच मिनिटं नुसतं बघा. सावलीच्या बाजूची खालची कड सर्वांत गडद असेल असं वाटतं, पण तशी ती नसते. कापडावरून परतलेला उजेड तिथे पोचतो आणि कड जराशी उजळते. खरा गडद पट्टा तिच्या थोडा आत असतो. त्याहून गडद असते ती सफरचंद कापडाला टेकतं तिथली बारीक रेघ. शेजारच्या कापडावर लालसर झाक आलेली असते, तीही टिपायची. मला तर सगळ्या चित्रात हीच जागा सर्वांत आवडते.

कागद जरा खरखरीत, चौरस मीटरला 150 ग्रॅमच्या (जीएसएम) पुढचा घ्या. गुळगुळीत कागदावर तीन-चार थरांनंतर रंग बसत नाही. काळी पेन्सिल बाजूला ठेवा. लाल रंगाची सावली किरमिजी, गडद हिरवा आणि थोडा निळा यांच्या पातळ थरांतून जिवंत होते, काळ्याने ती मरते. एका कपट्यावर फिक्यापासून गडदपर्यंत पाच छटांची पट्टी करून जवळ ठेवा, आणि डोळे किलकिले करून वस्तूशी ताडून बघा. तळव्याखाली कोरा कागद, टोकदार पेन्सिली, हे ओघाने आलंच.

चकाकीचा ठिपका मात्र पहिल्याच रेखाटनात आखून कोरा सोडा. रंग चढल्यावर कागदाचा पांढरा परत मिळत नाही. आणि खुर्चीच्या पायांपाशी जमिनीवर चिकटपट्टी लावा. डोकं वीतभर हललं तरी तो ठिपका जागा बदलतो.