चिलापीच्या (तिलापिया माशाच्या) रक्तात एसएचबीजी कसं मोजायचं (आणि मी कुठे फसलो)

एमएस्सीच्या डिझर्टेशनला मुंबईत हा प्रयोग करणार असाल तर वाचा, माझे दोन महिने एका चुकीत गेलेत.

एसएचबीजी (सेक्स हॉर्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन) हे प्रोटीन मुख्यतः लिव्हरमध्ये बनतं आणि रक्तात एस्ट्राडिऑल, टेस्टोस्टेरॉन ही सेक्स हॉर्मोन्स धरून फिरतं. ट्राउटला एस्ट्राडिऑल दिलं की ते वाढतं, तुमच्या माशात वाढतं का ते बघायचंय.

मासे जिवंतच पाहिजेत. ससून डॉकची बर्फातली मासळी घरी कालवणाला न्या, इथे उपयोग नाही. चिलापी चिवट असते, रक्तही बरं निघतं. एथिक्स कमिटीचा कागद आधी हातात घ्या, मग अर्ध्या माशांना तेलातलं एस्ट्राडिऑल टोचा, अर्ध्यांना नुसतं तेल. काही दिवसांनी लवंगतेलात बेशुद्ध करून शेपटीच्या शिरेतून हेपारिन लावलेल्या सिरिंजने रक्त काढा, थंड सेंट्रिफ्यूज करा, प्लाझ्मा उणे ८० ला. दुसऱ्या लॅबला न्यायचं तर ड्राय आइसमध्ये, नुसत्या बर्फावर भरवसा ठेवून लोकलमध्ये चढू नका.

आता माझी चूक. टोचलेल्या माशाच्या प्लाझ्मात तुम्हीच दिलेलं एस्ट्राडिऑल उरलेलं असतं ना, ते प्रोटीनच्या जागा अडवून बसतं, मग मोजायला ट्रिटियमवालं (किरणोत्सारी खूण लावलेलं) एस्ट्राडिऑल घातलं तरी त्याला बसायला जागाच नाही, आणि आपण लिहितो की हॉर्मोनने बाइंडिंग कमी झालं! म्हणून आधी डेक्स्ट्रान लावलेल्या चारकोलने (हा कोळसा सुटं हॉर्मोन शोषतो) प्लाझ्मा धुवा, कंट्रोलचाही धुवा. धुतला गेला का ते कळायला एका ट्यूबमध्ये थोडं ट्रिटियमवालं एस्ट्राडिऑल आधीच घाला आणि धुतल्यावर किती उरलं ते मोजा.

मग पातळ केलेल्या प्लाझ्मात ट्रिटियमवाल्या एस्ट्राडिऑलची वेगवेगळी नॅनोमोलर कॉन्सन्ट्रेशन, ४ डिग्रीला रात्रभर. प्रत्येकाच्या जोडीला १०० पट साधं एस्ट्राडिऑल घातलेली ट्यूब, तिचा आकडा (म्हणजे इतरत्र उगाच चिकटलेलं) वजा करायचा. सुटं हॉर्मोन काढायला परत चारकोल, पण ट्यूब बर्फात आणि सगळ्यांना सारखीच मिनिटं, कारण इथे धरलेलं हॉर्मोन पटकन सुटतं, एकीला उशीर झाला की तिचा आकडा पडलाच. ट्रिटियमचं काम परवानगी असलेल्या लॅबमध्येच, एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम आहेत.

स्कॅचर्ड प्लॉटमध्ये (बांधलेलं/सुटं विरुद्ध बांधलेलं हॉर्मोन असा आलेख) प्रोटीन वाढलं असेल तर बीमॅक्स (एकूण जागा) वाढेल, केडी (पकड किती सैल ते) तसाच राहील. टोचलेल्या माशांत केडी वाढलेला दिसला तर खूश होऊ नका, धुणं कच्चं राहिलंय.

आकडे मिलिग्राम प्रोटीनमागे देऊ नका. एस्ट्राडिऑलने लिव्हर व्हायटेलोजेनिन (अंड्यातल्या बलकाचं प्रोटीन) इतकं सोडतं की प्लाझ्माचं एकूण प्रोटीनच फुगतं आणि एसएचबीजी कमी झाल्यासारखं दिसतं. मिलिलिटर प्लाझ्मामागे द्या.

व्हायव्हात विचारतीलच की एस्ट्राडिऑल धरणारं हे प्रोटीन म्हणजे पेशीतला एस्ट्रोजेन रिसेप्टरच नाही कशावरून, तर एका सेटमध्ये डीईएस (डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, कृत्रिम एस्ट्रोजेन) घालून ठेवा. रिसेप्टर त्याला घट्ट धरतो, एसएचबीजी फारसं विचारत नाही.