टीव्हीचा आवाज येतोय, चित्र नाही? पॅनल गेलं म्हणण्याआधी या चुका टाळा

सांगलीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात निम्मी गिऱ्हाइकं येतात ती "पॅनल (म्हणजे चित्र दाखवणारा काचेचा पडदा) गेलंय, नवाच घ्या" हे ऐकूनच. ते खरं मानून टीव्ही भंगारात घालणं ही सगळ्यात महाग चूक.

परवा कवठेमहांकाळच्या एक मावशी जावयाच्या गाडीवरून ३२ इंची टीव्ही चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. आवाज खणखणीत, पडदा काळा. शटर अर्धं ओढलं, मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरला. अंधुक का होईना, बातम्या वाचणाऱ्या बाईंचा चेहरा दिसला. "दादा, हाय की ओ चित्र!" मावशी म्हणाल्या. चित्र होतंच, गेला होता मागचा उजेड. बॅकलाइटच्या पट्टीवरचे एलईडी बहुतेक टीव्हीत एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक गेला की दिवाळीच्या माळेसारखी सगळी ओळ विझते. अशा वेळी फक्त गेलेला दिवा बदलू नका, पूर्ण सेट बदलून घ्या. बाकीचेही तेवढेच जुने असतात. आणि सेटिंगमध्ये बॅकलाइट १०० वर असेल तर ६०-७० वर आणा. दिवे कमी तापतात, जास्त टिकतात.

पडद्यावर रेघा आल्या तर आधी रिमोटचं मेनू बटण दाबा. मेनू स्वच्छ दिसला तर दोष सेट-टॉप बॉक्सचा किंवा एचडीएमआय वायरचा. मेनूवरही रेघा असतील तर दोष टीव्हीतच आहे. मग थापट मारू नका. आतली सैल झालेली फीत, म्हणजे तारांची पातळ चपटी पट्टी, थापटेने क्षणभर टेकते, चित्र येतं आणि सवय लागते. पण काचेच्या कडेला चिकटवलेल्या पातळ फिती एकदा उखडल्या की दुरुस्ती परवडत नाही.

त्याच फितींसाठी सांगतो, पडद्यावर थेट स्प्रे मारू नका. थेंब ओघळून खालच्या कडेतून आत जातो. मऊ, कोरडं फडकं पुरतं.

वळवाच्या पावसात नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, डिशची केबलही काढा. वीज त्या वाटेनेही आत येते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर लोकांनी टीव्ही उन्हात वाळवले आणि चालू करून पाहिले. बाहेरून कोरडा दिसला तरी आत बोर्डावर गाळ बसलेला असतो, वीज देताच शॉर्ट होतो. घरी मागचं झाकणही उघडू नका, चालू टीव्हीचा प्लग काढल्यावरही पॉवर बोर्डच्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो. पुरात भिजलेला टीव्ही प्लग न लावता, गाळासकट तसाच दुकानात आणा.