अलास्काच्या पाइपलाइनवर नव्याने येणाऱ्यांसाठी

थंडी सोसता आली की इथलं काम जमेल, असं धरून मी अलास्कात आलो. थंडीची सवय महिनाभरात झाली. तेलाची मंद चाल समजायला मात्र दोन हिवाळे गेले.

आर्क्टिक महासागराकाठच्या प्रूडो बेपासून दक्षिणेला वाल्डीझ बंदरापर्यंत ही खनिज तेलाची लाइन सुमारे १,२८७ किलोमीटर जाते. व्यास ४८ इंच. १९७७ साली तेल सुरू झालं. १९८८ मध्ये रोज २० लाख बॅरलहून जास्त वाहत होतं, आता ५ लाखांच्या आसपास. तेल घटलं म्हणून काम घटत नाही, उलट वाढतं. तेवढ्याच रुंद नळीतून थोडं तेल गेलं की ते रेंगाळतं, आणि रेंगाळलं की निवतं. पूर्वी चार-पाच दिवसांत पोचायचं, आता दोन आठवड्यांहून जास्त लागतात. डिसेंबरात खोबरेलाची बाटली थिजते ना, तसं तेलातलं मेण सुटून आतल्या भिंतीला धरतं. तेलातलं पाणी तळाशी बसतं आणि गोठायची भीती असते. म्हणून नळीतून 'पिग' नावाचं नळीच्या मापाचं साधन सोडतात, तो मेण खरवडत पुढे जातो. पहिल्यांदा पिग बाहेर काढला तेव्हा त्याच्यासोबत आलेला तो काळा लगदा पाहून मला हे सगळं एकदम उमगलं. पुस्तकात इतकं स्पष्ट झालं नव्हतं.

निम्म्याहून जास्त लाइन जमिनीवर, खांबांवर आहे. खाली कायम गोठलेली माती. कोमट तेलाची नळी पुरली तर ती विरघळेल. बऱ्याच खांबांत अमोनिया भरलेल्या नळ्या आहेत. हिवाळ्यात जमीन हवेपेक्षा उबदार असते, त्या उबेने अमोनिया उकळतो, वर जाऊन धातूच्या पात्यांपाशी गार होतो, थेंबांनी परत खाली येतो. अशी जमिनीतली उष्णता बाहेर जाते आणि माती गोठलेली राहते. वीज नाही, पंप नाही. मला ही रचना अजूनही फार सुंदर वाटते.

सुरुवातीला मी तपासणीत फक्त वेल्ड आणि गंज बघायचो. एका खांबाच्या पायाशी पाणी साचलेलं, म्हणजे खालची माती विरघळत असल्याची खूण, मी नोंदवलीच नाही. वरिष्ठ तंत्रज्ञ म्हणाले, "आधी जमीन बघ, मग पाइप." इथे यायचं असेल तर उष्णतावहन आणि मृदा यांत्रिकी (माती भाराखाली कशी वागते ते) पक्की करून या. ३ नोव्हेंबर २००२ ला ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला, डेनाली भ्रंशावर (जमिनीतल्या मोठ्या भेगेवर) जमीन सरकली. तिथे नळी आडव्या तुळयांवर घसरू शकेल अशी ठेवलेली होती, म्हणून तेल सांडलं नाही. हे गणित आधी मातीचं आहे, मग पोलादाचं.

प्रूडोकडे जाणाऱ्या डॉल्टन हायवेवर कोल्डफूट या थांब्यानंतर उत्तरेला सुमारे ३८५ किलोमीटर पेट्रोल मिळत नाही, तिथे टाकी भरूनच निघा. कोल्ह्यांना खाऊ घालू नका, त्यांच्यात रेबीज असतो.

आमची पाळी दोन आठवडे काम, दोन आठवडे सुट्टी अशी, रोज बारा तास. नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत प्रूडोला सूर्य उगवत नाही. त्या दिवसांत मी पाळीआधी घरी फोन करतो. इथे पहाटेचे साडेपाच, नाशिकला रात्रीचे आठ. आई ताटं वाढत असते, आणि मी बूट चढवत असतो.