राजीनाम्याआधी एक कागद घ्या

नवी नोकरी चालून आली की आधी पगार विचारला जातो, आणि हिशेब तिथेच चुकतो. सांगितलेला आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला होणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, पुष्कळदा ग्रॅच्युइटीचे (बरीच वर्षं काम करून निघताना मिळणाऱ्या रकमेचे) बेसिकच्या 4.81 टक्केही. महिन्याला हातात किती येणार, याची फोड लेखी मागून घ्या आणि ती कागदावर आजच्या पगाराच्या शेजारी मांडा.

मग प्रवास मांडा. समजा, गोव्यात वाळपईतल्या माणसाला वेर्ण्याच्या कारखान्यात हातात सहा हजार जास्त मिळणार आहेत. एका बाजूचं अंतर 55 किलोमीटर धरलं, तर 25 दिवसांचे 2,750 किलोमीटर झाले. दुचाकी लिटरला 45 देत असेल तर 61 लिटर पेट्रोल, 97 रुपयांनी सुमारे 5,900 रुपये. वाढ पंपावरच संपली, शिवाय पावसाळ्यात रोजचा तेवढा रस्ता. कंपनीची बस कुठपर्यंत येते, रात्रपाळी सुटल्यावर मिळते का, हे मुलाखतीतच विचारा.

पंचविशीत मात्र हा हिशेब थोडा बाजूला ठेवायला हरकत नाही. या वयात काय शिकायला मिळणार ते पाहावं. औषध कंपनीत दोन वर्षं पॅकिंगलाच असाल, तर दुसऱ्या कंपनीच्या पॅकिंगला जाऊन हजार-दोन हजार वाढतील, काम तेच राहील. आधी आहे तिथेच क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणी) किंवा प्रॉडक्शनला बदली मागा. नेमणूकपत्रावर नाव कंपनीचं आहे की कंत्राटदाराचं, तेही वाचा. बोटीवर नोकरीला जायचं असेल तर एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशांच्या भरतीचा परवाना आहे का, ते तपासा. परवाना असलेल्या एजंटालाही नोकरी लावण्यासाठी तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत. जो मागतो, त्याच्याकडे जाऊच नका.

तिशीनंतर राजीनाम्याची तारीख पगाराइतकीच महत्त्वाची ठरते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पुरी व्हावी लागतात. सूत्र ढोबळमानाने असं: शेवटचा बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. बेसिक-डीए 26,000 असेल तर पाच वर्षांचे 75,000 होतात. साडेचार वर्षांवर घाईने निघालात तर ते हातचे जातात. नवी कंपनी थांबायला तयार नसेल तर हा आकडा दाखवून रुजू होतानाचा बोनस मागा, संकोच करू नका. मुदतीच्या करारावर असाल तर नियम वेगळा आहे, करारपत्र पाहा. घरकर्ज काढायचं ठरलं असेल तर ते जुन्या नोकरीत असतानाच मंजूर करून घ्या. नव्या नोकरीच्या प्रोबेशनमध्ये, म्हणजे कायम होण्याआधीच्या काळात, बँका हात आखडता घेतात.

सगळं घर एकाच धंद्यावर असेल तर घरातल्या दुसऱ्या कमावत्याने वेगळ्या क्षेत्रात जावं, मग पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल. 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून खाणी थांबल्या. ज्या घरात बापाचा ट्रक खाणीवर आणि मुलगाही खाणीच्याच कामावर होता, तिथे दोन्ही मिळकती एकदम बंद पडल्या. हॉटेलात काम करणाऱ्या जोडप्यांनाही हेच लागू आहे.

घराच्या खोल्या पर्यटकांना देऊन होमस्टे सुरू करायचा असेल तर आधी पर्यटन खात्याकडे नोंदणी करा. हिशेब सिझनच्या सात-आठ महिन्यांच्या मिळकतीवर बारा महिन्यांचा खर्च भागतो का, असा मांडा. चवथीचा (गणेशचतुर्थीचा) खर्च ऐन पावसाळ्यात येतो, तो विसरू नका.

सरकारी नोकरीसाठी गोव्यात साधारणपणे वयाची अट 45 पर्यंत आहे. 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचं ज्ञान लागतं. अर्ज करत राहा, पण त्या आशेवर हातची नोकरी सोडू नका.

चाळिशी ओलांडल्यावर पगाराच्याही आधी मेडिक्लेम बघा. कंपनीचा विमा बहुधा शेवटच्या दिवशी संपतो, आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत मधुमेह किंवा रक्तदाबासारख्या आधीच्या आजाराला 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून बदलाचा विचार डोक्यात आला की आधी स्वतःची पॉलिसी घ्या, राजीनामा नंतर.

पन्नाशीत ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची वर्षं मोजा. पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते आणि पूर्ण पेन्शन 58 व्या वर्षी सुरू होते. दर नोकरीला पीएफ काढून घेणाऱ्यांची इथे फसगत होते, कारण त्यासोबत पेन्शनचे पैसे काढले की ती सेवा मोजली जात नाही. शिवाय पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढलेल्या पीएफवर कर लागतो. काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावर) नव्या कंपनीकडे वर्ग करा.

निघताना रिलीव्हिंग लेटर (कामातून मुक्त केल्याचं पत्र) आणि शेवटच्या सहा पगारपावत्या घ्या, पगारातून कापलेल्या कराचा दाखलाही मागून घ्या. पीएफच्या पोर्टलवर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली का, तेही बघा. ती नसली की पैसे वर्ग होणं अडतं. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटूनही ती भरलेली नसेल, तर 'मार्क एक्झिट' मध्ये जाऊन तुम्हालाच भरता येते.