कॉम्प्युटरमधली अडगळ: काढण्याआधी फाइल कोणाची ते बघा

"ताई, सी ड्राइव्ह लाल झालाय, काय काय उडवू?" सांगली-मिरजेत घरोघरी जाऊन मी कॉम्प्युटर बघते, आणि हा प्रश्न सतत कानावर येतो. दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की 'धिस पीसी'मधली ड्राइव्हची पट्टी लाल होते. मग माणूस घाबरतो आणि ज्या फाइलचं नाव ओळखीचं नाही ती डिलीट करत सुटतो. कृपा करून असं करू नका. फाइल वर्षानुवर्षं उघडली नाही म्हणून ती बिनकामाची ठरत नाही. मी आधी एवढंच विचारते की ही इथे ठेवली कोणी? विंडोजने, एखाद्या प्रोग्रॅमने की घरातल्या कोणी? ज्याने ठेवली त्याच्याच वाटेने ती बाहेर काढायची.

विंडोजने ठेवलेलं विंडोजकडूनच काढून घ्या. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि बऱ्याच घरांतले कॉम्प्युटर 11 वर गेले. असं अपग्रेड झालं की आधीची विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये राहते. त्यात दहा-वीस जीबी सहज अडकतात. जुन्या विंडोजवर परत जायची मुभा दहा दिवस असते, त्यानंतर हा फोल्डर सहसा आपोआप जातो. राहिलाच असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं आत जा आणि 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर टिक करून काढा. त्याआधी त्या फोल्डरमधलं 'यूजर्स' उघडून एकदा बघा. दुकानात नव्याने विंडोज टाकून घेतली असेल तर घरचे फोटो आणि कागदपत्रं कधीकधी तिथेच पडलेली असतात.

याच टेम्पररी फाइल्सच्या यादीत 'डाउनलोड्स' असंही एक नाव दिसतं. त्यावर टिक करू नका. तो तुमचा स्वतःचा फोल्डर आहे, तात्पुरता कचरा नव्हे. बाकी जुने अपडेट, थंबनेल, 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' वगैरे खुशाल काढा.

विंडोजच्या फोल्डरमध्ये 'विनएसएक्सएस' आणि लपवलेला 'इन्स्टॉलर' हे दोघं आकाराने मोठे दिसतात आणि लोकांचा हात तिकडेच जातो. विनएसएक्सएस दिसतो तेवढा मोठा नसतो, कारण त्यातल्या बऱ्याच फाइली दुसरीकडेही दिसतात आणि दोनदा मोजल्या जातात. इन्स्टॉलरमधल्या फाइली उडवल्या तर पुढे एखादा प्रोग्रॅम ना अपडेट होतो, ना धड निघतो. दोघांनाही हाताने हात लावायचा नाही.

आता प्रोग्रॅमचं उरलेलं. खरा गोंधळ इथे असतो. अनइन्स्टॉल केल्यावर प्रोग्रॅम जातो, पण त्याच्या सेटिंग्ज, साठवलेला डेटा आणि नोंदी बऱ्याचदा मागे राहतात. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून लपवलेल्या फाइली दिसतील असं करा. मग सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचं नाव, अ‍ॅपडेटा असं जा. आत 'लोकल' आणि 'रोमिंग' हे दोन फोल्डर मुख्य. सी ड्राइव्हवरचा 'प्रोग्रॅमडेटा'ही बघा. इथले फोल्डर बहुधा कंपनीच्या नावाने असतात, आणि एकाच कंपनीचे दोन प्रोग्रॅम एक फोल्डर वापरत असतात. म्हणून शेजारी 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'ची यादी उघडी ठेवायची आणि त्या कंपनीचं काही अजून आहे का ते ताडून बघायचं. काही नसेल तरी मी लगेच डिलीट करत नाही. फोल्डरच्या नावापुढे 'जुना' असं लिहून ठेवते. दोन-तीन आठवडे कुठे काही अडलं नाही, तर मग काढायचा.

रोमिंगमध्ये 'अ‍ॅपल कॉम्प्युटर' आणि त्याच्या आत 'मोबाइलसिंक' सापडला तर थांबा. आयट्यून्स, म्हणजे आयफोन कॉम्प्युटरला जोडायचा अ‍ॅपलचा प्रोग्रॅम, कधीचं काढलेलं असलं तरी तिथे आयफोनचा बॅकअप असू शकतो. तो फोन हरवला किंवा बिघडला असेल तर त्यातले फोटो कदाचित फक्त तिथेच उरलेत. घरातल्यांना विचारल्याशिवाय ते काढायचं नाही.

टेंपचा फोल्डर, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या तात्पुरत्या फाइली टाकतात तो, मात्र बिनधास्त साफ करा. आधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून टी-ई-एम-पी असं टाइप करायचं, त्याच्या आधी आणि नंतर टक्क्याची खूण द्यायची आणि एंटर दाबायचं. सगळं निवडून डिलीट करा. काही फाइली 'वापरात आहे' म्हणून अडतील, त्या 'स्किप' करा.

राहिलं घरातल्यांनी ठेवलेलं, म्हणजे मुख्यतः डाउनलोड्स. तो तारखेऐवजी नावाने लावा. एकच सातबारा चार वेळा दिसेल, नावापुढे कंसात 1, 2, 3 असे आकडे पडलेले. एकेक उघडून तारीख बघा, लागतो तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि बाकीचे काढा. आधार कार्डाच्या पीडीएफ तिथे मुळीच राहू देऊ नका. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष, ओळखीच्या कोणालाही उघडता येईल असा. मुलांचे मित्र आणि शेजारचेही ज्या कॉम्प्युटरवर बसतात, तिथे हा प्रश्न जागेपेक्षा मोठा आहे.

आणि फॉन्ट. हे मला मनापासून सांगायचंय. एका निवृत्त सरांकडे गावाच्या इतिहासाची टिपणं होती, श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. त्यांच्या मुलाने 'हे फॉन्ट कोणी वापरत नाही' म्हणून काढायला घेतले होते, तेवढ्यात मी पोचले. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर किंवा फोनवर मराठी मराठीच दिसेल अशी आताची पद्धत, रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं म्हणूनच साठवलेलं असतं. तो फॉन्ट आहे तोवर स्क्रीनवर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की नुसती चिन्हांची रांग. कृतीदेव, आकृती, डीव्हीबी-टीटी सुरेख, सगळ्यांची हीच गत. म्हणून आधी जुन्या वर्ड फाइली उघडून बघा. एक प्रत पीडीएफ करा, एक युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि फॉन्टच्या फाइली पेनड्राइव्हवर ठेवा. बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, तेव्हा एकदा वाचून दुरुस्त करावं लागतं. सरांचं ते काम आम्ही दोघांनी बसून केलं.

एवढं करूनही जागा नेमकी कशात गेली ते कळत नसेल तर विनडिरस्टॅट हा फुकट प्रोग्रॅम घ्या. तो प्रत्येक फाइल तिच्या आकाराच्या रंगीत चौकटीत दाखवतो, त्यामुळे लग्नाचा विसरलेला व्हिडिओ लगेच नजरेत येतो. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही, साफ करून कॉम्प्युटर पळवतो म्हणणारे क्लीनर टाकू नका. जागा काही मिळत नाही, आणि चुकीची नोंद गेली तर विंडोज सुरू होईलच असं नाही.

डिलीट केलेलं रीसायकल बिनमध्ये जातं, पण बिन रिकामा करेपर्यंत जागा मोकळी होत नाही. मी तो त्याच दिवशी रिकामा करत नाही, आठवडाभर राहू देते. पेनड्राइव्हवरून काढलेल्या फाइली मात्र बिनमध्ये न जाता थेट जातात, तिथे डिलीट दाबण्याआधी नाव दोनदा वाचा.